साठ रुपये मंजूर

मी २७ वर्षं ट्रक ड्रायव्हरांचे हिशेब कापले. कागदोपत्री माझं काम हिशेब तपासण्याचं होतं. पण हातात लाल पेन आणि समोर थकलेला माणूस असला की तपासणं आणि कापणं यात फार अंतर उरत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी १९९१ साली चिकटलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. त्यातल्या पहिल्या बारा वर्षांबद्दल सांगायचं आहे. बायकोलाही हे मी सगळं सांगितलेलं नाही, आणि गंमत म्हणजे तिचाही यात नकळत थोडा हात आहे.

आमच्या अकरा गाड्या. लोखंडाच्या प्लेटा, कॉइल, सळया भरून बहुतेक मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक, धुळे, सेंधवा करत इंदूरला जायच्या. निघताना ड्रायव्हरला खर्ची द्यायची आणि परत आला की हिशेब घ्यायचा. तो हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला नाहीतर जुन्या बिल्टीच्या पाठीवर लिहिलेला असायचा, तोही बऱ्याचदा किन्नराच्या, म्हणजे क्लीनरच्या, अक्षरात. डिझेल, टोल, बॉर्डर, पंक्चर, ग्रीस, जेवण, चहा, राखण. मी तो माझ्या वहीत तीन रकान्यांत उतरवायचो : मागितले, मंजूर, कपात. कपातीचा रकाना लाल. महिनाअखेरीस शेठ आधी तोच रकाना बघायचे आणि बेरीज मोठी असली की माझ्यासाठी चहा मागवायचे. त्या चहाची मला सवय लागली होती.

माझी समजूत साधी होती. ड्रायव्हर चोर, आणि ढाबा ही चोरी जिरवायची जागा. गाडी रस्त्यात चार तास उभी, म्हणजे तिथे दारू आहे, बाई आहे, नाहीतर टाकीत रबरी नळी घालून डिझेल काढणं चाललंय. ही समजूत आली कुठून, याचा मी नंतर खूप विचार केला. लहानपणी मामाकडे मालेगावला जाताना रात्रीची एसटी ढाब्यांवरून जायची. पिवळ्या बल्बखाली ओळीनं बाजा, त्यांवर बनियन-लुंगीतली माणसं आडवी पडलेली, कोणी उघड्यावरच अंगावर पाणी ओतून घेतोय. आई खिडकीची काच ओढून घ्यायची. बोलायची काही नाही. काच ओढली की मला समजायचं.

मग नव्वदच्या दशकात एड्सची पोस्टरं आली, त्यातली बरीचशी ट्रकवाल्यांसाठी. त्या मोहिमांनी माणसं वाचवली असतील. मी त्यातून घेतलं ते एवढंच की माठावरचा स्टीलचा ग्लास आत नेऊन ठेवला आणि ड्रायव्हरांसाठी दाराबाहेर ॲल्युमिनियमचा ग्लास साखळीला बांधला. पाण्याच्या ग्लासातून एड्स होत नाही, असं त्या पोस्टरवर मराठीत आणि हिंदीत छापलेलं होतं. पोस्टर त्या ग्लासाच्या बरोबर वर होतं. मीच चिकटवलं होतं.

चोर नव्हतेच असं मी म्हणणार नाही. एकाला दोन कॅन डिझेलसकट मी स्वतः पकडलं होतं. पण त्या दोन कॅनांवर मी अकरा गाड्यांतल्या बावीस माणसांना बारा वर्षं चोर ठरवलं. हिशेबनिसाचं गणित इतकं कच्चं असू नये.

साठ रुपयांची गोष्ट १९९८ ची. शेठ म्हणाले, ‘जेवणाचं एकदा काहीतरी बांधून टाका, रोजची कटकट नको.’ मी घरी आलो आणि बायकोला विचारलं, दोन माणसांना एका दिवसाच्या खाण्याला किती लागतं? तिनं विचारलं, ‘घरात?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘पन्नास धरा.’ मी वर दहा रुपये उदारपणानं घातले. ड्रायव्हर-किन्नर मिळून एका मुक्कामाचे ६० रुपये मंजूर. तिनं ‘घरात?’ असं का विचारलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढची पाच वर्षं तो आकडा मी बदललाही नाही.

‘राखण’ हा शब्द दिसला की मी वाचायच्या आधीच रेघ मारायचो. दहा रुपये, पण बिल नाही. ढाब्यावरच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे बिलबुक कुठून असणार? उलट गाडीतलं डिझेल, स्टेपनी, ताडपत्री चोरीला गेली की ती किंमत ड्रायव्हरच्या पगारातून. हे दोन नियम माझ्या वहीत शेजारी शेजारी नांदत होते. त्यांची कधी भांडणं झाली नाहीत, कारण दोन्ही मीच लिहिले होते.

आणखी एक. मोटार परिवहन कामगारांचा तेव्हा १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा. कामगाराला रात्री जिथे मुक्काम करावा लागतो तिथे मालकानं विश्रांतीच्या खोलीची सोय करायची, हेसुद्धा त्यात होतं. मला हे माहीत होतं, कारण मस्टर मीच भरायचो. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत अकरा ड्रायव्हरांची हजेरी : ८, ८, ८, ८. माणूस चौदा तास स्टिअरिंगवर असायचा आणि मी आठ लिहायचो. बेरीज सोपी जायची. त्यावर कडी म्हणजे, ठरावीक ढाब्यांचे फोन नंबर आमच्या भिंतीवर लिहिलेले होते. माल घाईचा असला की मी रात्री फोन लावून ड्रायव्हरला उठवायला सांगायचो. ‘गाडी का उभी?’ हे माझं पहिलं वाक्य असायचं.

२००३ च्या डिसेंबरात मीच शेठना सुचवलं की एकदा गाडीबरोबर जातो, हे लोक कुठे किती खातात ते बघून येतो. शेठ खूश झाले. मी एक छोटी डायरी घेतली. चक्क हेरगिरीला निघालो होतो, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बायकोनं दिलेला दशम्यांचा डबा घेऊन.

ड्रायव्हर आष्टीकडचा, पन्नाशीचा. किन्नर त्याला उस्ताद म्हणायचा, मीही इथे तेच म्हणतो. गाडी टाटाची दहा चाकी. सकाळी सातला निघालो. मुंब्रा, भिवंडी, शहापूर, दुपारी कसाऱ्याच्या घाटात पुढे कुठलीशी गाडी बंद पडली म्हणून दीड तास. तेव्हा हा रस्ता बहुतेक दुपदरी. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला डोळ्यात डोळे घालून जागा मागायची, असा तो प्रवास. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी. बोनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास इगतपुरीच्या थंडीतही गरम राहत होता, आणि त्याच बोनेटला लागून उस्तादाचा पाय होता. परवा पेपरात वाचलं की १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असणं सक्तीचं झालं आहे. तेलकंपन्यांनी पेट्रोलपंपांवर ‘अपना घर’ नावानं ड्रायव्हरांच्या मुक्कामाची सोय केली आहे, साडेतीनशेहून जास्त ठिकाणी. वाचून आनंद झाला. पण डोळ्यांसमोर आला तो बोनेटवरचा चहा.

नाशिकला अंधार पडला. चांदवडच्या पुढे राहुड घाट उतरताना उस्ताद गप्प होता. मालेगाव, धुळे. सोनगीरच्या थोडं पुढे रात्री एकच्या सुमाराला त्यानं गाडी डाव्या हाताला घेतली. मी घड्याळ बघून डायरीत लिहिलं : ‘१.०५ – थांबला. ढाबा.’ सकाळी सातपासूनचे अठरा तास मी लिहिले नाहीत. मला थांबलेलाच वेळ मोजायची सवय होती.

ढाबा म्हणजे पत्र्याची शेड, कोळशाचा तंदूर, पाण्याचा हौद आणि मोकळ्या आवारात पंचवीस-तीस बाजा. निम्म्यांवर माणसं झोपलेली, तोंडावर टॉवेल, गाडीची किल्ली करगोट्याला नाहीतर मुठीत. मालकाला सगळे आप्पा म्हणत. सत्तरीचा, डोक्याला मफलर. ‘बठ भाऊ, बठ. जेवन करी ले,’ म्हणाला. बाजेवर आडवी फळी टाकून त्यावरच ताटं ठेवली. काळ्या मसाल्याची शेवभाजी, तंदूरची रोटी, कांदा. उस्ताद अर्धी रोटी हातात धरूनच पेंगला. किन्नरानं हलवलं तेव्हा त्यानं राहिलेली रोटी खाल्ली आणि तिथेच कलंडला. मी दारू शोधत होतो. लांब एका बाजेवर दोघं पीत होते, ते मी डायरीत लिहिलं. आमच्या गाडीचे नव्हते.

झोपायचे पैसे किती, मी विचारलं. आप्पाला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं तेव्हा हसला. जेवला की बाज तुझी, त्याचे कसले पैसे?

मग त्यानं माझ्या खिशातलं पेन बघितलं. त्याचा नातू वही लिहायचा, तो लग्नाला गेला होता. आप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी धुळ्याचा किराणावाला यायचा होता, त्याच्या आधी येणं किती आहे ते आप्पाला हवं होतं. ‘शिकलेले दिसता. एवढी बेरीज करून द्या ना.’ मला बरं वाटलं. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा माझ्या कामाचं काहीतरी निघालं होतं. लाल कापडी बांधणीची लांब वही त्यानं फळीवर ठेवली आणि बल्ब जवळ ओढला.

वहीत माणसांची नावं नव्हती. एकेका गाडीला एकेक पान, पानाच्या माथ्यावर गाडीचा चार आकडी नंबर. जेवण, चहा, नाष्टा, राखण; खाली जमा; खाली बाकी. स्वच्छ वही होती. तीन पानं मी सरसर केली. चौथ्या पानावर नंबर होता ४७१२.

आमची गाडी. मला अकराही नंबर तोंडपाठ होते. वर तारीख, मग – जेवण २, ७० रुपये. चहा ४, १२. नाष्टा २, २०. राखण १०. एकूण ११२. जमा ६०. बाकी ५२.

त्याच्या खाली पुढचा मुक्काम. जमा ६०. त्याच्या खाली, जमा ६०. मी पान उलटलं. आमची दुसरी गाडी. ६०, ६०, एकदा १००, त्याच्यासमोर ‘मागील ४०’, पुन्हा ६०. अकरापैकी नऊ गाड्या त्या वहीत होत्या. अक्षर आप्पाच्या नातवाचं होतं, पण आकडा माझा होता. माझ्या स्वैपाकघरात ठरलेला आकडा साडेतीनशे किलोमीटरवर एका अनोळखी वहीत पानोपान भरला होता.

मी थांबलो. जमा आणि नावे हे हिशेबनिसाला पहिल्या दिवशी शिकवतात. एकाकडे आलं म्हणजे दुसऱ्याकडून गेलं. आणि बारा वर्षं कपातीचा रकाना लिहिताना, हे पैसे जातात कुठे, हा प्रश्न मला पडला नव्हता. वाचले म्हणजे संपले, अशी माझी समजूत. ते संपत नव्हते. मी इथे लाल रेघ मारायचो आणि तिथे एक मोतीबिंदू झालेला म्हातारा ती रक्कम आपल्या अंगावर घ्यायचा. ज्याला मी चोरीचा अड्डा म्हणत होतो तो ढाबा माझ्याच ऑफिसला बिनव्याजी उधार देत होता. कायद्यानं आम्ही जी खोली द्यायची ती त्याच्या बाजा होत्या. आणि ‘राखण’ इथे उधारीत का होईना, रोज लिहिलेली होती. दहा रुपये, न चुकता.

आवाज शक्य तितका साधा ठेवून मी विचारलं, ‘आप्पा, हे लोक साठच कसे देतात?’

‘त्यांचा कोणी मुनीम हाय म्हणे तिकडे पनवेलकडे. साठच पास करतो.’ त्यानं बिडी पेटवली. ‘त्याच्या बापानं ढाबा काढला असता म्हंजे समजलं असतं.’

शेजारच्या बाजेवर उस्ताद होता. तो जागा होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळलं. त्यानं एका शब्दानं सांगितलं असतं की हाच तो मुनीम. तो कूस बदलून तोंड पलीकडे करून पडला. त्याच्या त्या कूस बदलण्याइतकं मला आजवर कोणी लाजवलेलं नाही.

‘उधारी बुडत नाही?’ मी विचारलं.

‘बुडते कधी कधी. पण पुढं बिजासनचा घाट हाय भाऊ. उपाशी, बिनझोपेचा माणूस त्या घाटात सोडायचा का?’ मग म्हणाला, ‘बेरीज झाली का?’

बेरीज झाली. नऊ गाड्यांची मिळून २,८६० रुपये बाकी. तो आकडा मी त्याला वाचून दाखवला. माझ्या खिशात सातशे रुपये होते. त्यातले पाचशे ‘त्या मुनिमाच्या नावावर’ जमा करता आले असते. मी केले नाहीत. दिले असते तर ओळख सांगावी लागली असती. मला पश्चात्ताप झाला होता, पण अब्रू अजून शाबूत हवी होती. इतकंच माझं परिवर्तन.

झोप लागली नाही. काठी आणि बॅटरी घेऊन राखणदार रात्रभर फिरत होता. प्रत्येक गाडीपाशी थांबून तो डिझेलच्या टाकीच्या झाकणावर पालथा हात ठेवायचा आणि मग पुढे जायचा. आमच्या गाडीवरही त्यानं तसाच हात ठेवला. मी पहाटेपर्यंत त्याच्या फेऱ्या मोजल्या, सात झाल्या. मोजण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

आणि मला २००१ ची राहुड घाटातली आमची गाडी आठवली. पहाटे साडेचारला उलटली होती. ड्रायव्हर वाचला, पण उजवा पाय गेला आणि गावी परत गेला. विम्याच्या कागदांसोबतची हकिकत मी लिहिली होती, ‘चालकास डुलकी लागल्याने’. त्या रात्री बारा वाजता ढाब्यावर फोन करून त्याला उठवायला सांगणारा माणूस कोण होता, हे त्या कागदात कुठे नव्हतं. त्या फोनमुळेच गाडी उलटली असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तो उठून न निघता झोपला असता तर काय झालं असतं, हे मात्र त्या बाजेवर पडल्या पडल्या मला नीट दिसत होतं.

सकाळी किन्नर हातातल्या लोखंडी टामीनं एकेक टायर ठोकत गाडीभोवती फिरला. हवा भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, बसलेल्याचा भदाड. आतल्या जोडटायरवर मारताना तो कान वाकडा करून ऐकत होता. उस्ताद हौदावर आंघोळ करून आला आणि म्हणाला, ‘साहेब, तुम्हीपण उरका, पुढं पाणी नाही.’ मी कपडे काढून उघड्यावर डब्यानं पाणी घेतलं. रस्त्यावरून एक एसटी गेली. खिडक्यांकडे मी बघितलं नाही.

परत आल्यावर उस्तादानं हिशेब दिला. बिल्टीच्या मागे, किन्नराच्या अक्षरात. मुक्काम – ६०. मी त्याच्याकडे बघितलं. मी शेजारच्या बाजेवर होतो, ११२ चा हिशेब त्यानं कानानं ऐकला होता.

‘साठच का लिहिलेत?’

‘तेवढेच पास होतात ना, साहेब,’ तो म्हणाला. टोमणा नव्हता. पावसाळ्यात पाऊस पडतो म्हणावं, तसं. आणि माझ्या हातात, न बघता, लाल पेन आलेलं होतं.

शेठना मी तोंडी सांगितलं की संशयास्पद काही आढळलं नाही. डायरी दिली नाही. मुक्कामाचे साठचे एकशेवीस करायला मला तीन महिने लागले, आणि तेही ‘गाड्या वेळेवर पोचतील’ या कारणावर. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. राखणीचे दहा रुपये त्याच आठवड्यापासून विनाबिल मंजूर करायला लागलो. रात्रीचे फोन थांबवले. ग्लासाची साखळी एका रविवारी, कोणी नसताना सोडली. मस्टरवर मात्र निवृत्त होईपर्यंत ८, ८, ८, ८ च लिहीत राहिलो. ते बदललं असतं तर नोकरी बदलावी लागली असती.

२०१२ साली पुतण्याच्या गाडीतून शिरपूरला लग्नाला गेलो. रस्ता चौपदरी झाला होता, मधे दुभाजक. परतताना सोनगीरच्या अलीकडे पलीकडच्या बाजूला ती पत्र्याची शेड ओझरती दिसली. एक-दोन बाजा होत्या. ट्रक एकही नव्हता. पुतण्याला म्हटलं, इथे एकदा मुक्काम केला होता. तो म्हणाला, ‘पुढे कट आहे काका, वळवून घेऊ का? चार किलोमीटर पडेल.’

खिशात भरपूर पैसे होते. मी नको म्हटलं.